समोरचीचा पगार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लाँड्री, राहणार त्याच लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचं काय व्हावं हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी थेट दोनपर्यंत उतरले, आणि वर त्यांना ऐकवलं की तुमच्या कोटाची कॉलर आधी आतल्या बाजूने इस्त्री केली असती तर अशी कुरळी झाली नसती. त्यांनी निमूटपणे सही केली. हे लिहिताना मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून भरीला पाडलेलं नाही. मला भरीला पाडणं एवढं सोपं असतं तर मुलाने ते केव्हाच केलं असतं.

वकीलबाईंनी नमुना दिला होता. त्यात 'सदरहू' सतरा वेळा होतं. तो मी बाजूला ठेवला. नावं, पत्ते, नोंदणीचे आकडे त्यांनी वेगळ्या कागदावर टाईप केले आहेत, ते कायद्यासाठी. इथे मी माणसांना ज्या नावाने हाक मारते तेच लिहिते, नाहीतर मलाच माझी माणसं ओळखू यायची नाहीत.

कलम पहिलं. आठ वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात एक वाक्य असं होतं: 'माझ्याकडे प्रामाणिकपणे नोकरी केल्याबद्दल समोरचीला एक महिन्याचा पगार आणि लोकरीचं एक ब्लँकेट द्यावं.' परवा ते वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. ब्लँकेट! एक महिना!

समोरची म्हणजे कोण ते सांगते. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघी लागतात. दोन टोकांना दोघी उभ्या राहतात, चादर ताणतात, झटकतात, मग एक पुढे येते, कोपरे दुसरीच्या हातात देते, खाली वाकून घडीचं टोक उचलते, पुन्हा मागे जाते. दिवसभर हेच. लाँड्रीत प्रत्येकीला एक समोरची असते. माझी समोरची मी तेवीस वर्षांची असताना मला मिळाली, ती विसाची होती. चौदा वर्षं आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत चादरी ताणल्या. नवऱ्याचा चेहरा मी तेवढा पाहिला नाही. आज ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि खाली टेबलावर काम करते. माझं मृत्युपत्र मुख्यतः तिच्यामुळे पुन्हा लिहावं लागतंय. तिचं जे माझ्याकडे अडकून राहिलं ते तिला कसं द्यायचं, एवढाच खरा प्रश्न आहे. बाकीची कलमं मी एका बैठकीत उरकली.

कलम दुसरं. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, गच्चीचा वापर आणि जिन्याखालची अडगळ मुलगा आणि सूनबाई यांना, निम्मं निम्मं, दोघांच्या नावावर. मुलगा म्हणेल, "एकच तर घर आहे आई, एकाचं नाव पुरे." त्याला सांगावं की एकच घर आहे म्हणूनच दोन नावं मावतात. मागच्या खोलीतली खिडकी उघडताना आधी वर उचलायची आणि मग ढकलायची. गेली वीस वर्षं हे मी सगळ्यांना सांगते आहे आणि गेली वीस वर्षं ती कोणीतरी नुसतीच ढकलतं.

कलम तिसरं. माझे कपडे, भांडी, शिवणयंत्र आणि हातातल्या दोन बांगड्या सूनबाईला. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तिला शिवायला वेळ नाही हे मला माहीत आहे. तिने यंत्र विकलं तरी मला राग नाही. माझे धाकटे दीर, ज्यांनी लाँड्रीच्या पहिल्याच दिवशी दारात उभं राहून "बाई मालक झाली की मशीनवाले टिकत नाहीत" असं सांगितलं होतं, त्यांना दोन चादरी धुऊन, इस्त्री करून द्याव्यात. बिल पूर्ण लावावं.

कलम चौथं. माझ्या कपाटात वरच्या फळीवर पावणेतीन किलोची एक जुनी इस्त्री आहे. ती भंगारात घालावी. आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवू नये. ती काही चांगली इस्त्री नव्हती, टोकाशी तापायचीच नाही. पण ती माझ्याकडे कशी आली ते लिहायलाच हवं, त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आम्ही दोघी होतो ती जुनी लाँड्री मोठी. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, टेबलक्लॉथ. पुरुष मशीनवर आणि बायका टेबलावर. मशीनचं काम जड, टेबलाचं हलकं, असं भिंतीवरच्या तक्त्यातच लिहिलेलं. दोन रकाने. जड कामाला शंभर मिळत असतील तर हलक्याला पासष्ट. का, हे कोणी विचारत नसे. आम्हीही विचारलं नव्हतं. मशीनवाले ओल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांशी झटापट करताना दिसायचे, घामाघूम व्हायचे. आम्ही काय, उभ्या.

एके दिवशी संध्याकाळी समोरचीचा उजवा हात वर जाईना. डब्याचं झाकण मी उघडून दिलं. ती म्हणाली, "हलकं काम करून करून हात जड झाला बघ." दोघी हसलो, आणि हसता हसता माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मोजायचं ठरवलं. लाँड्रीत काटा असतोच, सगळं वजनावर येतं आणि वजनावर जातं. मशीनवाल्या दोघांनी दिवसभरात ओढलेले ओले कपडे आम्ही काट्यावरच्या नोंदीतून उतरवले: दोघांचे मिळून नऊशे किलो. मग माझी इस्त्री काट्यावर ठेवली. पावणेतीन. एका कपड्याला तीनदा उचलते. दिवसाला दोनशे वीस कपडे. समोरची दर कपड्याला निशाणीच्या शाईने एक रेघ मारत होती. हिशेब आला अठराशे पंधरा किलो. एकट्या बाईचा, एका दिवसाचा, आणि त्यात चादरी धरलेल्याच नव्हत्या.

तो कागद मी भिंतीवर, त्या तक्त्याच्या शेजारी चिकटवला. दुपारपर्यंत सगळी लाँड्री तिथे जमली. मशीनवाल्यांपैकी थोरला बराच वेळ वाचत राहिला आणि म्हणाला, "बरोबर आहे की." दुसरा म्हणाला, "बरोबर असेल, पण माझं कमी करू नका म्हणजे झालं." जुने मालक आले, चष्मा लावला, वाचलं. मला म्हणाले, "घरी पोर कडेवर घेऊन फिरता, तेव्हा ठेवता का असा हिशेब?"

मी म्हटलं, "पोर माझं आहे. चादरी तुमच्या आहेत."

तीन दिवसांनी त्यांनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली. पर्यवेक्षक म्हणून नेमतो म्हणाले, मशीनवाल्यांइतका पूर्ण पगार देतो म्हणाले. एकटीला. आणि तो भिंतीवरचा कागद काढायचा. मी बाहेर येऊन समोरचीला सांगितलं. मला वाटलं होतं ती भडकेल, मग मलाही नाही म्हणायला जोर येईल. ती म्हणाली, "घे. एकीला तरी मिळू दे. तुझ्या घरी कमावतं कोण आहे दुसरं?" खरंच नव्हतं. नवरा आजारी, मुलगा चार वर्षांचा. मी कागद काढला. जुन्या मालकांनी ती इस्त्री मला भेट दिली, सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवून. मी ती घेतली. टाळ्या वाजवणाऱ्यांत समोरचीही होती.

जुने मालक आता नाहीत. त्यांच्यावरचा माझा राग मी कोणाला देऊन जात नाही, तो माझ्याबरोबरच संपेल. त्यांनी मला फसवलं नाही. किंमत विचारली, मी सांगितली, त्यांनी दिली.

कलम पाचवं. या कलमाने कोणाला काही मिळत नाही. हा माझा कबुलीजबाब आहे आणि तो मृत्युपत्रात राहावा अशी माझी इच्छा आहे. वकीलबाईंनी नाक मुरडलं. मुरडू दे.

पर्यवेक्षक म्हणून अकरा वर्षं मी दर महिन्याला पगाराचा तक्ता लिहिला. तेच दोन रकाने, माझ्या वळणदार अक्षरात. मग जुनी लाँड्री बंद पडली आणि मी साठवलेले आणि उसने असे पैसे जमवून ही शेड भाड्याने घेतली (वरच्या खोल्या पुढे विकत घेतल्या), दोन जुनी मशीनं आणली. पहिल्या दिवशी सकाळी सातला दारात समोरची उभी. "चादरीचं दुसरं टोक कोण धरणार आहे तुझं?" म्हणाली. मी तिला मिठीच मारली.

त्याच दुपारी मी इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून नव्या लाँड्रीचा पगाराचा तक्ता लिहिला. वर 'जड' आणि 'हलकं' लिहायची मला लाज वाटली, म्हणून 'मशीन' आणि 'टेबल' लिहिलं. खाली आकडे भरले. शंभर आणि पासष्ट. मी कोणाशी लबाडी करत नव्हते हो. मी विचारच करत नव्हते. अकरा वर्षांचा हाताला झालेला सराव, हात चालत गेला. समोरची शेजारी उभी राहून वाचत होती. मी विचारलं, "ठीक?" ती म्हणाली, "ठीक." मी तक्ता भिंतीला लावला.

सव्वीस वर्षं झाली त्याला.

या सव्वीस वर्षांत मशीनं बदलली. आता कपडे आपोआप पिळले जातात, ट्रॉलीला चाकं आहेत, मशीनवाला बटण दाबतो आणि स्टुलावर बसतो. बसू दे, त्याच्यावर माझा राग नाही. टेबल मात्र आहे तिथेच आहे. तरी रकाने तसेच. उलट कारभार हाती घेतल्यापासून मुलगा दरवर्षी दोन्हीकडे सारखेच टक्के वाढवत गेला, त्यामुळे मधलं अंतर आकड्यात वाढतच गेलं. बाहेर मात्र मी कोणीही विचारलं तर तो अठराशे पंधरा किलोचा किस्सा रंगवून सांगायचे. बायकांच्या एका सभेत सांगितला होता, तेव्हा लोक उभे राहिले होते. समोरची माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होती. मूग गिळून गप्प.

गेल्या वर्षी माझं मनगट मोडलं आणि मी दोन महिने वरच पडून होते. त्या काळात मुलाने एक नवा मशीनवाला ठेवला, बावीस-तेवीस वर्षांचा, गुणी आहे. पगाराच्या दिवशी मुलगा गावाबाहेर होता, म्हणून प्लास्टर काढलेला हात घेऊन मी खाली येऊन बसले. वहीत सह्या घ्यायच्या होत्या. नव्या मशीनवाल्याने सही केली. त्याच्या खालीच समोरचीची ओळ होती. त्याचा पहिला महिना, तिचं सव्विसावं वर्ष. चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या चादरीची घडी कशी घालायची हे तिने त्याला त्याच आठवड्यात शिकवलं होतं. दोन आकडे एकाखाली एक होते. वरचा मोठा, खालचा लहान.

सगळे गेल्यावर मी तिला थांबवून घेतलं. "तुला माहीत होतं?"

"मला वाचता येतं."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

ती पिशवीत डबा भरत होती. म्हणाली, "पहिल्या दिवशी तू विचारलंस, मी ठीक म्हटलं. तेव्हा तुझ्या डोक्यावर कर्ज होतं. वाटलं, दोन-तीन वर्षांनी परत विचारशील. तू विचारलंसच नाही."

"अगं, पण तू आठवण करून द्यायचीस!"

"तुला?" ती म्हणाली. "कागद भिंतीवर लावणारी तू. तुला मी काय आठवण करून देणार? मला वाटलं, तुझं ठरलेलं असेल काहीतरी. वाटलं, माझं कामच तेवढ्याचं असेल."

हे शेवटचं वाक्य तिने अगदी साधेपणाने म्हटलं. जुन्या मालकांनी पंचवीस वर्षांत जे तिला पटवून दिलं नाही ते मी पटवून दिलं. मी जिना चढून वर आले आणि लहान मुलीसारखी रडले. हे इथे लिहून ठेवते, कारण ते माझ्याविषयी खरं आहे.

कलम सहावं. लाँड्रीविषयी. लाँड्रीतला माझा हिस्सा, म्हणजे मशीनं, टेंपो, गिऱ्हाइकांची यादी आणि नाव, माझ्या मुलाला. पण एका अटीवर. ती अट त्याला मान्य नव्हती, म्हणून वाद कसा झाला तेही नोंदवते, पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीने परस्पर केलं.

मी त्याला सांगितलं की एकच रकाना ठेवायचा, टेबल आणि मशीन सारखं, आणि वाढ कामाच्या वर्षांवर द्यायची. तो आधी हसला. मग म्हणाला, "आई, बाजारात टेबलवालीचा भाव हाच आहे. मी जगावेगळं काही करत नाही."

सूनबाई प्रयोगशाळेतून नुकतीच आली होती, चपला काढता काढता म्हणाली, "बाजार म्हणजे कोण? तुझ्यासारखेच पाच-सहा जण ना?"

"मशीनवाल्याला कमी दिलं तर तो उद्या समोरच्या गल्लीत जाईल."

"आणि टेबलावरच्या काकू जाणार नाहीत, म्हणून त्यांना कमी. म्हणजे टिकून राहिल्याचा दंड."

मुलगा चिडला. त्याचं चिडणंही अगदीच वावगं नव्हतं. टेबलावर समोरची धरून आठ जणी आहेत. आठ जणींचं वाढवायचं तर धुलाईचे दर वाढवावे लागणार, दोन हॉटेलं तरी हातची जाणार, बँकेचा हप्ता डोक्यावर. तो म्हणाला, "तू बोलून मोकळी होशील, निस्तरायचं मला आहे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तक्ता काय मी केला? तुझ्या अक्षरातला आहे. मी फक्त पुढे चालवला."

मी म्हटलं, "हो. म्हणूनच तो मीच बदलणार."

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी वही घेऊन वर आला. त्याने रात्रभर आकडे मांडले नव्हते, तसला तो नाही, दुकानात बसल्या बसल्या मांडले होते. दर एवढे वाढवायचे, टेंपोची तिसरी फेरी बंद, एक हॉटेल बहुधा जाईल, दुसरं राहील. "जमेल," म्हणाला, "पण नवं मशीन दोन वर्षं विसर." मी विसरले. या महिन्याच्या एक तारखेपासून भिंतीवर एकच रकाना आहे. ते हॉटेल गेलं. नवा मशीनवाला मात्र गेला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "माझं कुठे कमी झालंय?"

तेव्हा अट अशी: हा एकच रकाना माझ्यानंतरही एकच राहील. मुलाने किंवा त्याच्या वारसाने तो कोणत्याही नावाने पुन्हा दोन केला, तर माझ्याकडून मिळालेल्या हिश्शातला निम्मा भाग त्या वेळी टेबलावर काम करणाऱ्या बायकांना, समोरची वगळून, सारखा वाटून जाईल. समोरची का वगळली ते पुढे येईल. मुलगा असं करणार नाही हे मला माहीत आहे. पण मीही असं करणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

कलम सातवं. हे कलम मी लिहिलं होतं आणि आता रद्द करते. ते खोडलेल्या रूपात असंच राहू द्यावं. त्यात लिहिलं होतं की गेल्या सव्वीस वर्षांत समोरचीला जेवढा पगार कमी मिळाला तो सगळा, माझ्या मृत्यूनंतर, बँकेतल्या माझ्या ठेवींमधून तिला द्यावा. वकीलबाईंनी हिशेब केला. आकडा बघून मुलाने फक्त पाणी मागितलं. मला मात्र फार बरं वाटलं. वाटलं, सुटले. एकदाचं झालं.

मोठ्या कौतुकाने मी तो कागद खाली नेला. दुपारची वेळ, दोघी चहा पीत होतो. समोरचीने चष्मा लावून दोनदा वाचला. मी वाट बघत होते की आता हिचे डोळे भरून येणार.

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "म्हणजे मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू?"

मी गडबडले. "अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. रोज सकाळी तुला जिना उतरताना बघायचं आणि मनात म्हणायचं, आज पण आलीच का ही?" आवाज चढला होता तिचा. बावन्न वर्षांत, हो, मोजून बावन्न, नाही, एक्कावन्न वर्षांत, तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. टेबलावरच्या इतर जणी इस्त्र्या उभ्या करून आमच्याकडे बघत होत्या. "मृत्युपत्रात देतात ती मेहेरबानी असते. भाच्याला घड्याळ, पुतणीला बांगडी. मी काय तुझी पुतणी आहे? मी काम केलं. पगार कोणी मेल्यावर देतात का गं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. चहा तसाच टाकून मी वर आले, आणि खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. एवढं देते आहे, तरी हिचा तोरा. रात्र होईपर्यंत राग टिकला नाही. मला पाहिजे होतं ते हे, की मेल्यावर लोकांनी म्हणावं, बघा कशी होती, शेवटी सगळं दिलं. आणि जिवंतपणी माझं काहीच कमी व्हायला नको होतं. ठेवींचं व्याज, औषधपाणी, बँकेत गेलं की मॅनेजर उठून खुर्ची देतो ती खुर्ची, सगळं जागच्या जागी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला घेऊन बँकेत गेले आणि ठेवी मोडल्या. त्या सगळ्या आकड्याला पुरल्या नाहीत. उरलेल्याच्या बदल्यात लाँड्रीतला एक तृतीयांश हिस्सा समोरचीच्या नावे करून दिला. त्याची नोंदणी गेल्या सोमवारी झाली. बँकेच्या कागदावर कारण लिहायची जागा होती, कारकुनाने 'भेट' लिहिलं होतं. मी ते खोडायला लावून 'पगार' लिहून घेतलं. तो म्हणाला, "आजी, काय फरक पडतो?" मी त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं आणि फरक सांगितला. मागे रांग लागली. इतर सात जणींची मागची बाकी दर महिन्याला थोडी थोडी अशी तीन वर्षांत फिटेल, तसं मुलाने लिहून दिलं आहे.

त्यामुळे माझ्या पश्चात बँकेत फारसं काही सापडणार नाही. शोधू नये. जे सापडेल ते दवाखान्याच्या बिलांना.

कलम आठवं. माझ्या शेवटच्या दिवशी लाँड्री अर्धा दिवस बंद ठेवावी, पगार न कापता. माझ्यावर घालायची चादर घरचीच असावी आणि तिला खळ घालू नये, मला कडक चादर टोचते. माझ्या मोठेपणाची भाषणं करू नयेत. कोणाला अगदीच राहवलं नाही, तर त्याने कलम पाचवं मोठ्याने वाचावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी आणि फी सोडू नये.

कलम नववं. वकीलबाई म्हणाल्या की दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचं मिळणं रद्द होतं. शेजारचे औषधवाले तयार झाले. दुसरं कोण? मुलगा नाही, सूनबाई नाही, अटीमुळे टेबलावरच्या इतर जणीही नाहीत. वकीलबाई विचार करत राहिल्या. मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली हाक मारली.

ती हात पुसत वर आली. सगळा कागद पहिल्यापासून वाचला, पाऊण तास लागला. कलम पाचव्याशी थांबली, चष्मा पुसला आणि पुढे गेली. कलम तिसऱ्याला दिरांच्या चादरींवर मात्र खुदकन हसली. मग म्हणाली, "माझं कलम कुठे आहे?"

म्हणून हे लिहिते. समोरचीला माझ्या मृत्युपत्राने: काही नाही.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते, आणि त्यांनी माझ्या देखत करावी.

स्थळ: लाँड्रीच्या वरची पुढची खोली
दिनांक: बारा मार्च, दुपारी सव्वातीन

सही: ______________
(मृत्युपत्र करणारी, वय ७४, लाँड्रीची दोन तृतीयांश मालक)

साक्षीदार पहिले: ______________
(शेजारचे औषधवाले, वय ५८. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि मला माझ्या शर्टाविषयी बोलल्या.)

साक्षीदार दुसरी: ______________
(समोरची, वय ७१, लाँड्रीची एक तृतीयांश मालक. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळणार नाही. माझं मला मिळालं आहे.)